दिवाळीच्या आठवड्यात उमलणारी कुंडी

ध्वनिमुद्रित भागाचं शब्दांकन. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्चुअली’ थोडे कमी केले आहेत, बाकी जसंच्या तसं ठेवलं आहे.

मागच्या भागात गच्चीवरच्या भाज्यांबद्दल बोलले, त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. दिवाळीला कुणाला कुंडी भेट द्यायची तर कुठली द्यावी, आणि ती विकत न आणता स्वतः वाढवता येईल का. आज त्याच विषयावर बोलू. मागे पावसाचा आवाज येतोय, तो गच्चीच्या पत्र्याचा आहे. त्या पत्र्याचं काम पुढे येणारच आहे, म्हणून तो आवाज काढून टाकत नाही.

आज २८ जून २०२६, रविवार. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, तोही रविवारच. म्हणजे बरोबर १९ आठवडे. तुम्ही म्हणाल, जूनमध्ये दिवाळीचं कसलं बोलतेस. पण हा विषय ऑक्टोबरमध्ये काढला तर उपयोग नाही, तेव्हा नर्सरीतून झेंडूची कुंडी आणणं एवढंच हातात उरतं. झेंडूबद्दल माझी काही तक्रार नाही. तो दसऱ्यालाच इतका झालेला असतो की दिवाळीला पुन्हा कुंडीत दिला तर घेणाऱ्याला त्याचं अप्रूप वाटत नाही, इतकंच.

मी कंदावर का आले ते सांगते. नोकरीत माझं निम्मं आयुष्य तारखा पाळण्यात जातं. अमुक दिवशी रिलीज म्हणजे अमुक दिवशी रिलीज. सणाची भेट तशीच असते. दिवाळीची कुंडी तुळशीच्या लग्नाला फुलली तर छान वाटेल, पण ती दिवाळीची भेट राहणार नाही. बियांपासून वाढवलेल्या रोपाचा हिशेब फार सैल असतो. कधी उगवलं, किती ऊन मिळालं, शेंडा कधी खुडला, यावर महिनाभर इकडेतिकडे होतं. कंदाचं तसं नाही. कंद म्हणजे झाडाने स्वतःच बांधलेली शिदोरी. आत साठवलेलं अन्न असतं आणि पानांचा कोंब तयार असतो. ओल आणि ऊब मिळाली की तो निघतो, आणि निघाल्यापासून फुलापर्यंतचे दिवस बऱ्यापैकी मोजता येतात. अगदी घड्याळासारखे नाहीत, पण आपल्या लोकलइतके तरी नक्की.

आपल्याकडे दिवाळीसाठी माझं पहिलं नाव निशिगंध. गुलछडी म्हणा, रजनीगंधा म्हणा, एकच. आपण ते फूल इतकं आपलं मानलंय की ते मूळचं मेक्सिकोचं आहे हे सांगितलं तर लोक विश्वास ठेवत नाहीत. युरोपीय लोकांबरोबर ते इकडे आलं आणि वेणीत जाऊन बसलं. आणखी गंमत म्हणजे हल्ली वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला अगेव्ह या प्रजातीत घालतात. म्हणजे माळरानाच्या बांधावरचं ते काटेरी घायपात असतं ना, त्याचा हा भाऊबंद. पानं नीट बघितलीत तर थोडं पटतं.

त्याचा वास संध्याकाळनंतर वाढतो, कारण मूळ देशात त्याला रात्री उडणारे पतंग हवे असतात. आणि हे फूल तोडल्यानंतरही कित्येक तास सुवास तयार करत राहतं. फ्रान्समध्ये ग्रासला पूर्वी याची फुलं चरबीच्या थरावर पसरून अत्तर काढायचे ते त्यामुळेच. भेट म्हणून हे महत्त्वाचं आहे. दिवाळीत दिवसभर घरात माणसं, फराळ, फटाक्यांचा धूर. रात्री सगळे गेले की खिडकीपाशी ठेवलेली कुंडी बोलायला लागते.

बाजारात सिंगल आणि डबल असे दोन प्रकार मिळतात. डबल दिसायला भरदार असतो, पण त्याला वास कमी असतो आणि वरच्या कळ्या कधीकधी पुऱ्या उमलतच नाहीत. कुंडी भेट द्यायची तर सिंगलच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. बेंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेने काढलेल्या शृंगार आणि प्रज्वल या सिंगल जाती आहेत. राहुरी कृषी विद्यापीठाची फुले रजनीही आहे. नाव माहीत नसलेले गावठी सिंगल कंद मिळाले तरी हरकत नाही. शेतकऱ्याकडून मिळाले तर सगळ्यात उत्तम, कारण त्याने ते काढून सावलीत वाळवलेले असतात. ताजे उपटलेले कंद काही आठवडे झोपेतच असतात. ते लगेच लावले तर उगवायला वेळ घेतात आणि आपला सगळा हिशेब बिघडतो. म्हणून विचारून घ्या, कधी काढलेत. महिना-दीड महिना झाला असेल तर बिनधास्त घ्या.

आकार बघा. अडीच सेंटिमीटर जाड किंवा त्याहून मोठा, हाताला टणक लागणारा. लसणीच्या पाकळीएवढे बारके कंद असतात ते पहिल्या वर्षी नुसती पानं देतात. ते फेकू नका, वेगळ्या कुंडीत लावा. ते पुढच्या वर्षाचं भांडवल.

आता तारखा. नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरला असतो, त्यामुळे युरोप-अमेरिकेत कंद फुलवणाऱ्यांचं वेळापत्रक दरवर्षी तेच. आपली दिवाळी हलते. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला आलं, आणि यंदा अधिक ज्येष्ठ झाल्यामुळे एकदम ८ नोव्हेंबरला गेलं. मागच्या वर्षीची वही बघून यंदा त्याच तारखेला लावलंत तर १८ दिवस आधीच फुलेल. कंदाला पंचांग कळत नाही. ते काम आपलं.

म्हणून उलटं मोजायचं. पहिली फुलं लक्ष्मीपूजनाच्या दोन-तीन दिवस आधी उघडायला हवीत, म्हणजे साधारण ५ नोव्हेंबर. पानांच्या मधून दांडा वर दिसल्यापासून पहिलं फूल उघडेपर्यंत माझ्या गच्चीत तीन आठवडे लागतात. म्हणजे १५ ऑक्टोबरला दांडा दिसायला हवा. आणि लावल्यापासून दांडा दिसेपर्यंत ८० ते १०० दिवस. हे आकडे पुण्यातले, माझ्या गच्चीतले, पावसाळ्यात लावलेल्या कुंडीतले आहेत. कोकणात, विदर्भात फरक पडेल. १५ ऑक्टोबरपासून ९० दिवस मागे गेलं की १७ जुलै येते. ती मधली तारीख.

पण एकाच दिवशी सगळं लावायचं नाही. ८० आणि १०० यांत २० दिवसांचा फरक आहे, आणि तो कुठल्या कुंडीत कसा पडेल हे कुणी सांगू शकत नाही. म्हणून तीन हप्ते करायचे. यंदा माझे ७, १७ आणि २७ जुलै. दहा कुंड्या द्यायच्या असतील तर पंधरा लावा. उरलेल्या पाच कुठेही वाया जात नाहीत, भाऊबीजेनंतर फुललेली कुंडी घरात ठेवायला आपल्यालाही हवीच असते की.

कुंडी आठ ते दहा इंची, तळाला भोकं मोकळी असलेली. एका कुंडीत तीन कंद. माती नुसती काळी असेल तर पाणी धरून बसते, म्हणून निम्मी माती, उरलेल्यात चांगलं कुजलेलं शेणखत आणि वाळू किंवा कोकोपीट. कंदाचं टोक मातीच्या जेमतेम खाली राहील इतकंच पुरायचं. पहिलं पाणी पोटभर, मग कोंब दिसेपर्यंत हात आखडता. ऊन मात्र सहा तास तरी हवंच. उत्तरेच्या बाल्कनीत हा उद्योग करू नका. पानं लांबलचक होतील आणि दांडा येणार नाही.

आणि पाऊस. या सगळ्या प्रकरणात खरा शत्रू तोच आहे. शेतात निशिगंधाची लागवड एप्रिल-मेमध्ये करतात, म्हणजे पावसाआधी मुळं धरलेली असतात. आपण ऐन जुलैत लावणार, तेव्हा कोवळ्या कंदावर रोज धो-धो पाणी. जमिनीलगत खोड मऊ पडतं, पानं पिवळी होऊन नुसती ओढली तरी हातात येतात, आणि मातीवर मोहरीसारखे गोल दाणे दिसतात, आधी पांढरे, मग तपकिरी. ती बुरशी आहे, आणि ते दाणे म्हणजे तिचं बियाणं समजा. असं दिसलं की ती कुंडी मातीसकट बाजूला काढायची, ती माती दुसऱ्या कुंडीत अजिबात घालायची नाही. होऊ नये म्हणून लावण्याआधी कंद बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवून घेतात, तेही करा, पण त्याहून मोठा उपाय म्हणजे पत्रा. पारदर्शक पत्र्याच्या दोन शीट्स, चार बांबू, आणि कुंड्या विटांवर उचलून ठेवलेल्या. ऊन येतं, पाऊस येत नाही, पाणी आपण घालू तेवढंच. सोसायटीची परवानगी आधी घ्या. आमच्याकडे ती मिळायला कंद उगवायला लागतात त्यापेक्षा जास्त दिवस लागले होते.

हे सगळं मी आधी माझ्या हौसेपुरतं करत होते, पाच-सहा कुंड्या. गेल्या वर्षी चोवीस लावल्या. त्याचं कारण सांगते.

२०२५च्या फेब्रुवारीत बाबा गेले. आमच्याकडे वर्ष होईपर्यंत सण करत नाहीत. दिवाळीला कढई चढत नाही, घरात फराळ होत नाही. मग शेजारपाजारचे, नात्यातले लोक त्यांच्या घरचा फराळ आणून देतात. अनेकांच्या घरी ही रीत असेल. एरवी आईच्या हातचे अनारसे सोसायटीभर जायचे. जून महिन्यात एका संध्याकाळी ती एकदम म्हणाली, “यंदा डबे येतील गं. परत काय देणार आपण?”

ज्यांना हे कळणार नाही अशा ऐकणाऱ्यांसाठी सांगते, आपल्याकडे शेजारच्यांचा डबा रिकामा परत करत नाहीत. काही नाही तर चमचाभर साखर घालून देतात. आणि त्या घरात तर यंदा गोड काहीच व्हायचं नव्हतं. विकतची मिठाई भरून देणं आईला पटेना. ती म्हणाली, त्यांनी घरचं द्यायचं आणि आपण दुकानातलं? मी म्हटलं, कुंड्या देऊ. निशिगंधाच्या. गच्चीत वाढलेलं आहे, म्हणजे घरचंच झालं.

मावशीला फोनवर हे कळलं तेव्हा तिने सरळ विचारलं, “निशिगंध? अगं, भावोजींना शेवटचा हार कशाचा घातला होता आठवतं ना?” आठवत होतं. आणि तिचं पुढचं म्हणणं असं की दुखवट्याच्या घरातून ऐन दिवाळीत वस्तू गेलेली लोकांना चालेल का. मावशी वाईट बोलत नव्हती, तिला आईला कुणी काही बोललेलं नको होतं.

आई दोन दिवस त्यावर काही बोलली नाही. मीही विषय काढला नाही, पण कंद आणून ठेवले होते आणि १९ जून ही माझी पहिली तारीख होती. त्या दिवशी सकाळी ती गच्चीत आली, परातीतले कंद निवडायला बसली. मोठे एकीकडे, बारके एकीकडे, गहू निवडावेत तसे. मग म्हणाली, “आमच्या लग्नातही ह्याचेच हार होते.” आणि थोड्या वेळाने, “सुतक तेरा दिवसांत फिटलं. लोक डबे घेऊन आपल्या दारात येणार, तर आपण त्यांच्या दारात का जायचं नाही? हे मोठे आधी लाव.”

मग १९ जून, २९ जून आणि ९ जुलै अशा तीन दिवशी आठ-आठ कुंड्या लावल्या. दिवाळीच्या आठवड्यात त्यातल्या सतरा तयार होत्या. डबे आले पंधरा. बाकीच्यांपैकी दोन कुंड्यांना बुरशीने गाठलं आणि पाच नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात फुलल्या.

मी म्हटलं होतं, मी एकटी जाऊन देऊन येते. फेब्रुवारीपासून आई खाली भाजीला जायची तेवढीच, कुणाच्या घरी गेली नव्हती. पण ती म्हणाली, “कुंडी जड आहे. तू धर, मी बेल वाजवते.” तिसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे आम्ही पाऊण तास बसलो. आजींना वास फारसा येत नाही आता, वयामुळे, तरी त्यांनी कुंडी पलंगाजवळच ठेवायला लावली. समोरच्या काकूंनी डबा हातात घेऊन बघितला तर त्यात साखरेऐवजी चार बारके कंद होते, आईने स्वतः घातलेले. मला हे माहीतच नव्हतं. एका घरी मात्र कुंडी दाराबाहेरच ठेवून घेतली. ते काही बोलले नाहीत, आम्हीही नाही. लिफ्टमध्ये आई म्हणाली, असू दे, त्यांच्याकडे लग्न आहे पुढच्या महिन्यात. चार दिवसांनी मी तिथून जाताना पाहिलं, कुंडी अजून बाहेरच होती, पण माती ओली होती. कुणीतरी पाणी घालत होतं.

बरं, आता देण्याबद्दलच्या व्यवहारी गोष्टी, कारण इथेच बरेच जण घाई करतात. पूर्ण फुललेली कुंडी देऊ नका. निशिगंध खालून वर उमलतो, रोज संध्याकाळी एक-दोन जोड्या. सगळ्यात खालच्या कळ्या पांढऱ्या होऊन फुगल्या आहेत आणि वरच्या अजून हिरव्या आहेत, अशी असताना द्या. मग ज्याला दिली त्याच्या घरात पहिलं फूल उघडतं आणि पुढे दहा-बारा दिवस चालतं. आपल्याकडेच सगळं फुलवून दिलं तर त्याला फक्त उतरती बाजू मिळते. दांडा वाऱ्याने वाकतो, म्हणून नेण्याआधी काडी रोवून सुतळीने सैल बांधा. कुंडीखाली बशी द्यायला विसरू नका. सणाच्या दिवसांत कुणाच्या पुसलेल्या फरशीवर चिखलाचं पाणी सोडलंत तर फुलाचं कौतुक राहतं बाजूला.

सोबत एक चिठ्ठी ठेवा, चार ओळींची. ऊन कुठे, पाणी किती, आणि फुलं संपल्यावर दांडा कापा पण पानं कापू नका. फुललेला कंद पुन्हा फुलत नाही, त्याच्या शेजारची पिल्लं पुढच्या वर्षी फुलतात, आणि त्यांना वाढायला पानं लागतात. थंडीत पानं आपोआप पिवळी पडली की पाणी थांबवायचं. हे लिहिलं नाही तर डिसेंबरमध्ये ‘मेलं वाटतं’ म्हणून लोक कुंडी रिकामी करतात.

नाताळचं विचारणारेही बरेच होते. वसईची एक मैत्रीण आहे माझ्या टीममध्ये, तिच्याकडे गेली दोन वर्षं माझी कुंडी जाते. डिसेंबरात निशिगंध आळसावतो, थंडी त्याला मानवत नाही. तेव्हा अमेरिलिस. खरं म्हणजे हिप्पीॲस्ट्रम, दक्षिण अमेरिकेतलं, पण अमेरिलिस हे नाव त्याला जे चिकटलं ते सुटलं नाही. त्याचा पहिला संकर १७९९च्या सुमारास इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या आर्थर जॉन्सन नावाच्या घड्याळजीने केला. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस कंदाच्या नादी लागला हे मला तरी फार साहजिक वाटतं.

आपल्याकडे याची लाल फुलं उन्हाळ्यात येतात. डिसेंबरला आणायची तर त्याला मध्ये खोटा उन्हाळा दाखवावा लागतो. मार्चपासून भरपूर ऊन, खत, पाणी देऊन पानं वाढू द्यायची. साधारण चार पानांमागे कंदाच्या आत एक फुलाची कळी धरते, त्यामुळे इथे कंजुषी चालत नाही. मग ऑगस्टअखेर कुंडी पत्र्याखाली घेऊन पाणी पूर्ण बंद. आठ ते दहा आठवडे कोरडं. बाहेर पाऊस आणि ही कुंडी तहानलेली, बघवत नाही, पण बघायचं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात नवी माती, कंदाचा वरचा तिसरा भाग तरी मातीबाहेर ठेवायचा, आणि एकदा पाणी. सहा ते आठ आठवड्यांत फूल. यातही तीन-चार कुंड्या थोड्या पुढेमागे लावा. दांडा नुकता कळी घेऊन वर आला की द्यायची.

त्याहून सोपं काही हवं असेल तर पेपरव्हाइट नार्सिसस. नर्गिसच्या कुळातलं. त्याला मातीही लागत नाही. काचेच्या भांड्यात खडे, त्यावर कंद, तळाला टेकेल न टेकेल इतकं पाणी, आणि चार ते सहा आठवड्यांत फुलं. एकच त्रास, ते उंच वाढून कोलमडतं. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या विल्यम मिलर यांच्या गटाने त्यावर दारूचा उपाय शोधून काढला. थट्टा करत नाही. कोंब इंच-दोन इंच झाला की साध्या पाण्याऐवजी चार ते सहा टक्के अल्कोहोल असलेलं पाणी द्यायचं, उंची तिसऱ्या हिश्शाने तरी कमी राहते आणि फुलं मात्र तेवढीच येतात. जिन किंवा व्होडका चालते, बिअर आणि वाइन नाही, त्यातल्या साखरेने नुकसान होतं. आमच्या घरी व्होडकाची बाटली ‘झाडांसाठी’ आहे यावर अजून कुणाचा विश्वास बसलेला नाही.

ट्युलिपबद्दल थोडक्यात. त्याला बारा ते सोळा आठवडे फ्रीजमधली थंडी लागते, तीही सफरचंदांपासून लांब, कारण फळांतून निघणाऱ्या वायूने आतली कळी मरते. ऑनलाइन जे मिळतात ते थंडी देऊन पाठवलेले असतात. पुण्यात एकदा फुलतील, दुसऱ्यांदा नाही. द्यायचे तर हे सांगून द्या. ट्युलिप बघायला श्रीनगरला वसंतात जावं हे उत्तम.

आणि एक प्रकार मला अजिबात पसंत नाही. परदेशात नाताळला मेणात बुडवलेले अमेरिलिसचे कंद विकतात, लाल, सोनेरी, चमचमते. माती नको, पाणी नको, टेबलावर ठेवा, फुलेल. फुलतो तो शिदोरीतल्या अन्नावर. पण मुळं फुटू नयेत म्हणून बहुतेकदा त्याच्या बुडाचा भाग कापलेला असतो. त्यामुळे तो सहसा पुन्हा उभा राहत नाही. जो कंद वर्षानुवर्षं घरात राहू शकतो, त्याला एका महिन्याची शोभेची वस्तू करून टाकायचं. ज्यांना झाड सांभाळायचं नसतं त्यांच्यासाठी सोय आहे म्हणतात. ज्याला झाड नको आहे त्याला झाड का द्यावं? त्याला चकली द्या.

शेवटचं, पण हे लक्ष देऊन ऐका. अमेरिलिस आणि नार्सिसस दोन्हींच्या कंदात लायकोरिन नावाचं विष असतं. कंद कांद्यासारखा दिसतो, म्हणून स्वयंपाकघरात कधीही ठेवू नका, आणि लहान मुलं, कुत्री असलेल्या घरी सांगून द्या. त्याहून गंभीर म्हणजे लिली, ती मोठ्या फुलांची एशियाटिक किंवा ओरिएंटल, हल्ली भेटीच्या कुंड्यांत खूप दिसते. मांजर असलेल्या घरी ती देऊ नका. पान चघळलं, अंगावर पडलेले परागकण चाटले, तरी मांजराची किडनी निकामी होऊन ते मरू शकतं. भेट द्यायच्या आधी एक प्रश्न विचारायचा, घरात मांजर आहे का. विचारायला संकोच वाटला तर फराळ द्या.

यंदा आमच्याकडे कढई चढणार आहे. आईने अनारशांचं तांदूळ भिजवण्याच्या तारखा कॅलेंडरवर लिहिल्यात आणि त्याच्या खाली माझ्या ७, १७, २७ जुलै. यादी तिने केली आहे, एकतीस नावं आहेत. मी म्हटलं, एवढ्या कुंड्या पत्र्याखाली मावणार नाहीत. ती म्हणाली, मग सेक्रेटरींना विचार, अजून एक शीट टाकू. त्यांचंही नाव यादीत आहे.

तुम्हाला लावायचं असेल तर या आठवड्यात कंद शोधायला लागा. तुमच्या गावात लावल्यापासून दांडा दिसेपर्यंत किती दिवस लागतात ते मोजून मला नक्की कळवा, कोकणातल्यांनी तर जरूर. मला पुण्याबाहेरचे आकडे हवे आहेत. भेटू पुढच्या भागात.